लॉट नंबर दोनशे सतरा

मालक म्हणाले, मागावरून ट्रकापर्यंत
टॉवेल जातो कसा, ते एकदा बघ.
घड्याळ दिलं. स्वतःचंच, मनगटावरचं.

मग मी लॉट दोनशे सतराच्या पाठीमागे लागलो,
उधारी वसूल करणाऱ्यासारखा.
अक्कलकोट रोडच्या उन्हात शेड तीनमधून शेड एकमध्ये,
हातात खोक्याचा फाडलेला पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर खडूचे चौकोन, चौकोनांतून बाण.
यंबय्या मागावरून ओरडला,
"काय लिहिलालास बे, आमचं मरण?"

विणायला इतकं, धुवायला इतकं,
वाळवायला, कापायला, कडा शिवायला.
तपासायला नगामागं पस्तीस सेकंद,
रुक्कम्मा असली तर. ती रजेवर असली तर मिनिटभर.
सगळ्या कामाची बेरीज आली
दोन दिवस, तेही रडतखडत.
लॉट ट्रकात चढला अकराव्या दिवशी.

मधले नऊ दिवस टॉवेल काय करत होते?

बसले होते.
धुलाईच्या दारात बसले, शिलाईच्या टेबलाखाली बसले,
आणि सगळ्यात जास्त, चार दिवस,
ऑफिसच्या पायरीशी बसले होते
लाल वहीवरच्या एका सहीसाठी.

सही कुणाची? विचारलं.
कामूर्तीसाहेबांची.
ते तर रिटायर झाले, मुलाकडे हैदराबादला असतात.
हो, म्हणून आता त्यांच्या जागी कुणीही करतं,
ज्याला वेळ असेल तो.

जुन्या वह्या काढल्या. झुरळं निघाली,
आणि त्यांच्याखाली एक तारीख:
कधीकाळी निळ्याऐवजी हिरवी किनार गेली होती परदेशी,
अख्खी गाठ परत आली,
त्या संध्याकाळी कामूर्तीसाहेब चिडून म्हणाले होते
की यापुढं माझ्या सहीशिवाय सूत हलायचं नाही.
माणूस गेला, चिड राहिली,
चिडीचा रकाना झाला,
रकान्याला आम्ही पद्धत म्हणत आलो.

लाल वही बंद केली.
लॉट सहाव्या दिवशी गेला.
मालकांनी शेंगाचटणी-भाकरीचं जेवण दिलं सगळ्यांना,
पुठ्ठ्याचा नीट तक्ता करून भिंतीवर लावला.

वही नेणारी सत्तम्मा तेवढी बसून राहिली.
दिवसातून सहा फेऱ्या मारायची ती, शेड तीन ते ऑफिस,
डोक्यावर पदर, काखेत वही.
तक्त्यासमोर उभी राहून म्हणाली,
"ह्यात मी कुठं हाय?"
मी बोट ठेवलं, इथं होतीस, या बाणावर.
तिनं बाण निरखला.
"ह्याच्यावर बसायला जागा कुठंय रे?"

मी हसलो. तेव्हा हसलो.

तिसऱ्या आठवड्यात सात नंबरच्या मागाची
कड ढिली सुटत गेली, चारशे नगांपर्यंत.
रुक्कम्माच्या टेबलावर कळलं, तोवर उशीर झाला होता.
यंबय्या म्हणाला, सात नंबर नेहमीच सुटतो,
हवा कोरडी झाली की. पण सत्तम्मा जाता-येता
कडेवरून बोट फिरवायची, आणि नुसतं
"ए, बघ" म्हणायची.
हे कुणी मोजलं नव्हतं.
मीही तिच्या मागून चाललो होतो सहा फेऱ्या,
माझं लक्ष घड्याळात.

मालकांना सांगायला गेलो तेव्हा घसा कोरडा पडला.
ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
वही नको परत. बाई परत आण.

आता ती फिरते, रिकाम्या हातानं.
हातांचं काय करायचं हे तिला पहिले काही दिवस कळेना,
काखेत एक जुना टॉवेल धरून चालायची.
काल साडेदहाला तिनं सात नंबर थांबवला,
अकरा मिनिटं.
तक्त्यात रकाने आहेत, काम आणि खोळंबा.
पेन्सिल हातात घेऊन मी उभा आहे,
ही अकरा मिनिटं कशात मांडू?